नुसतं शेजारी बसायचं काम

ती. आईला लांबूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना जिना चढू देऊ नकोस.

या महिन्यात आम्हा विद्यार्थिनींची ड्यूटी मानसिक आजारांच्या वॉर्डात आहे. घाबरू नकोस, कुणी अंगावर धावून येत नाही. खिडकीजवळच्या खाटेवर तुझ्याच वयाच्या एक मावशी आहेत. आठवडाभर गप्प होत्या. परवा म्हणाल्या, "घरी कुणाला माझी आठवणही येत नसेल." मी पटकन म्हणाले, "असं काही नाही हो, सगळं ठीक होईल!" त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

शिकवणाऱ्या सिस्टरनी मला चांगलंच झापलं. "धीर देऊन तू त्यांचं तोंडच बंद केलंस. आता शेजारी बस आणि ऐक." तू 'गप्प बस' सांगून दमलीस, ते इथे शिकतेय बघ! काल तासभर नुसती बसले. उठताना मावशींनी विचारलं, "उद्या येशील?"

आई, वर मजेत आहे लिहिलंय, ते खरं नाही. सुट्टीच्या दिवशी इथे मला हाक मारणारंही कुणी नसतं. रविवारी फोन करीन. रडले, तर 'सगळं ठीक होईल' म्हणू नकोस. फक्त फोन ठेवू नकोस.

तुझीच,
धाकटी