केबिनीचं माप

भागूदादा,

हे पत्र तुला धाडणार न्हाई, तरी लिहिते. काल वहिनीच्या स्टेटसला आपली फायबरची होडी दिसली. मागं डिंभ्याचं धरण न्हाई, समुद्र व्हता. म्हंजे होडी घेऊन गेलात ते तुमी दोघांनी तिकडं समुद्रावरच बस्तान बसवलं.

अलिबागला होडी बघताना तू खोल तळाचीच मागत व्हतास. मी आपली समजावतेय, "दादा, उन्हाळ्यात धरण आटतं, बुडालेल्या गावाची जोती तळाला घासतात, चपट्या तळाची घे." तू नुसता हसलास. मला वाटलं, तुला कळत न्हाई.

बाबा गेल्यापास्नं तुझ्यासंगं जाळं मीच वढत व्हते. पल्याड मुक्काम पडला की होडीत बसल्या बसल्या झोपत व्हते. म्हणून तू म्हणालास, "इंदे, केबिनीत आडवी व्हऊन बघ, पाय पुरतात का."

मी झाले आडवी. पाय पुरले. कारखान्यातल्या माणसांदेखत माझं डोळं भरलं.

फोटोत वहिनी तिथंच पाय पसरून निजलीय. आमी दोघी एकाच उंचीच्या, न्हाई का रे?

तुझ्या केबिनीचं माप,
इंद्रायणी