क्रमांक चौदाचे सोमवार

डॉ. सत्यशीला मॅडम, घडलं ते असं:

१. रुग्ण क्रमांक १४, भागवतकाका, जाफराबाद. मृत्यू २ फेब्रुवारी, पहाटे, श्वास अडकून.
२. श्वासाचं मशीन आपल्याकडे एकच होतं. २० जानेवारीला माझ्या अंदाजावरून ते आष्टीच्या तातेरावांना दिलं.
३. मृत्यूनंतरही क्रमांक १४ चे गुण दर सोमवारी मिळत आहेत.

रोजनिशीतली पानं सोबत जोडते.

१ डिसेंबर २०२५
जालन्यात रुजू झाले. मस्तगडात खोली मिळाली. सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. छान वाटलं. काम आवडीचं आहे. मोटर न्यूरॉनच्या आजारात एकेक स्नायू निकामी होत जातो. बोलणं, गिळणं, श्वास असे बारा प्रश्न, प्रत्येकी चार गुण. गुण ज्या वेगाने उतरतात त्यावरून माझं मॉडेल उरलेले महिने सांगतं.

८ डिसेंबर
जाफराबादला जाऊन आले. भागवतकाका शिंपी आहेत. आता कात्री धरता येत नाही. बोलणं जड, तरी गंमत करतात. म्हणाले, "जिंदगीभर मी मापं घेतली, आता तुम्ही माझं घेऊन राह्यल्या. बराबर घ्या, मॅडम, ढिलं नको." गुण एकतीस. यापुढे दर सोमवारी दहाला फोनवर विचारायचं. उत्तरं त्यांची पत्नी, दैवशालामावशी देणार.

१९ जानेवारी
सहा आठवडे एकतीसच. मावशींचं एकच उत्तर: मागच्यासारखंच, बिलकुल बराबर. मॉडेल म्हणतं चौतीस महिने. तातेरावांना पाच. मशीन कुणाला, हे उघड आहे.

२३ फेब्रुवारी
एकतीस. इतकी सरळ रेषा या आजारात येत नाही. मी ती चांगली बातमी मानली.

२ मार्च
न कळवता जाफराबादला गेले. खाटेवर गादी नाही. भिंतीवर हार घातलेला फोटो. उशाच्या जागी फोन.

मावशी म्हणाल्या, फोन नेहमी स्पीकरवर असायचा. त्यांना ऐकायचं असायचं. "त्यांच्या देखत कसं म्हणू, मॅडम, की श्वास पुरंना गेला? आजारी माणसासमोर वंगाळ बोलत न्हाईत."

मी एकदाही विचारलं नव्हतं, फोन कुठे ठेवता.

२ फेब्रुवारीला दहा वाजता ते खाटेवरच होते. मी फोन केला होता. मावशींनी उत्तरं दिली होती. सगळी.

मग ते गेल्यावरही तेच का, विचारलं. म्हणाल्या, तुमच्या वहीत तरी राहू द्या.

मशीनचं मी सांगितलं नाही. सांगता आलं —

४ मार्च
मॉडेल पुन्हा चालवलं. एकतीसच्या जागी खरे धरावेत असे आकडे टाकले. भागवतकाकांना उरले होते तीन आठवडे. मशीन त्यांचं होतं.

९ मार्च
दहा वाजता. मावशी नव्हत्या. पुरुषाचा आवाज, स्वच्छ, एकही शब्द जड नाही —

बोलणं: चार. गिळणं: चार.

म्हणाला, मॅडम, माप पुन्हा घ्या. आता बराबर घ्या.

श्वास —

हे मी लिहिलं. अक्षर माझंच आहे.

मॅडम, क्रमांक १४ ची नोंद बंद करू का, ते सोमवार, १६ मार्चपर्यंत लेखी कळवा. दहाच्या आधी. फोन करू नको, एवढंच सांगून भागणार नाही. आज मी फोन लावलाच नव्हता, दहाला तो तिकडूनच आला —