पोहऱ्याचा दोर

मळ्यातून, ता. मलकापूर
चैत्र वद्य ५, शके १८५४

ती. सौ. सोजराताईस,

अन्नपूर्णेचा वाकून नमस्कार. इकडे सगळं ठीक. गाय व्याली, कालवड झाली. आंबा यंदा बरा आहे. तुझ्या गोदूचं लग्न ठरल्याचं ऐकून फार आनंद झाला. कुणी सांगितलं म्हणशील, तर कुणीच नाही. गेल्या आठवड्यात कुंपणापलीकडून दोन बाया बोलत चालल्या होत्या, त्यांचं ऐकलं.

हल्ली माझे कान असेच झालेत. ह्यांनी महारवाड्यातल्या बायांना आमच्या विहिरीवर पाणी भरू दिलं आणि जातीनं आम्हाला वाळीत टाकलं, त्याला सहा महिने झाले. तेवढ्या काळात मी वाटेवरची पावलं ओळखायला शिकले. कोण मनापासून हसतं, कोण तोंडदेखलं, हे लांबूनच कळतं. तव्यावरची भाकरी जळते ती मात्र कळत नाही. ह्यांनी तीनदा हाक मारली तरी ऐकू येत नाही. म्हणतात, "तुह्यं ध्यान कुठी राह्यते वं?" काय सांगू?

परवा गावचा न्हावी कुणाच्या तरी लग्नाची अक्षत घेऊन निघाला होता. आमच्या फाटकाशी त्याची पावलं थांबली. मी पिठाचे हात पदराला पुसत धावले. तो वहाणेचा अंगठा बसवत होता! मला बघून ओशाळला बिचारा.

त्याच दिवशी मी वाईट वागले, ताई. तुलाच सांगते, ह्यांनाही सांगितलेलं नाही. पोहऱ्याचा दोर मी कडब्याच्या गंजीत लपवला. म्हटलं, ह्या बायांचं पाणी बंद झालं तर आपल्याला बोलावणी येतील. गोदूच्या लग्नाचंसुद्धा.

महारवाड्यातली झुंबरबाई घागर घेऊन आली. "दोर तुटला," मी म्हणाले. तिनं घागर खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, "बाई, दोर कडब्यात हाय. तुमी दोन खेपा तिकडं पाह्यलं."

मी चपापून विचारलं, "तुले कसं समजलं?"

"आमाले जलमभर लोकायच्या डोयाकडंच पाहा लागते, बाई. कोन देईन, कोन हाकलीन, ते अगुदर समजा लागते."

माझे सहा महिने आणि तिचा सगळा जन्म! लाज वाटली गं. दोर काढून तिच्या हातात दिला. आता तो विहिरीवरच राहील.

तरी लग्नाला यावंसं फार वाटतं. गोदूला पहिलं न्हाऊ मी घातलं होतं. संक्रांतीला खामगावच्या बाजारात तू मला पाहून हसलीस आणि लगेच वळून तुझ्या सासूबाईंकडे पाहिलंस. मी समजले. तुझ्यावर राग नाही. असं लिहिलं खरं, पण थोडा आहे.

बोलावणं तुझ्या हातात नाही, ते मला ठाऊक आहे. एवढं मात्र कर. मांडवात गोदू विचारेल, "मावशी काऊन नाही आली?" तेव्हा मावशी आजारी आहे असं सांगू नकोस. मी चांगली ठणठणीत आहे. बोलावलं नाही, असंच सांग.

अजून तुझीच बहीण,
अन्नपूर्णा