अर्धा चमचा बाळंतशोप

आई, आज पेपरात तुझा चहा छापून आलाय. रविवारच्या पुरवणीत आईच्या हातच्या पदार्थांचं एक सदर असतं. परवा दुपारी संपादकांचा फोन आला, "ताई, चहापत्ती न घालता घरच्या घरी करायचा चहा. तीनशे शब्द. पाचपर्यंत द्या." डॉक्टरांनी चहा बंद केल्यापासून मी धाराशिवच्या या घरात धन्या-जिऱ्याचं पाणीच उकळून पिते, हे त्यांना माहीत आहे. साडेचारला मजकूर पाठवून दिला. तीस वर्षं हेच करत आलेय, वेळेत द्यायचं आणि जागेत बसेल तेवढंच लिहायचं. जे बसलं नाही ते इथं लिहिते.

लेखात सांगितलंय की सातव्या महिन्यात मी पहिल्या बाळंतपणासाठी नळदुर्गजवळच्या आपल्या गावी आले आणि दुसऱ्याच दिवशी तू माझा चहा तोडलास. "पोटातल्या लेकराला झोप न्हाय लागत त्यानं." मी चिडलेली. "मंग मी काय कोरडीच बसू?" "कोरडी कशाला? हे बी चहाच हाय की." शेजारची काकू उंबऱ्यावर बसून हसतेय, "लेक बाळंतपणाला आली का चहाला गं?" तू चुलीवर लोखंडी तवा ठेवतेस. आधी धने, मग जिरे, ओवा सगळ्यात शेवटी, कारण तो लगेच करपतो. खलबत्त्यात जाडसर कुटतेस. मी जोर लावून बारीक करायला लागले की बत्ता काढून घेतेस, "पीठ करू नको, चहा गढूळ होतो." पाणी निम्मं आटलं की भांडं खाली उतरवायचं आणि मग गूळ टाकायचा. बाळंतशोप मात्र वेगळी भाजून तू पितळी डब्यात भरलीस. मी डबा उघडून वास घेतला तर ओरडलीस, "ती आत्ता न्हाय. लेकरू झालं की टाकू. दुधाला लागती."

मुलगी झाली. पहिल्या दोन्ही दिवशी तुझ्या चहात अर्धा चमचा शोप होती, मी तिची चव ओळखायला शिकले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मुलगी गेली. हे लेखात नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तू नेहमीसारखा चहा आणलास. काकू माझ्या उशाशी बसलेली होती. मी एक घोट घेतला आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "शोप न्हाय टाकली का?" तू माझ्याकडं बघितलंही नाहीस. म्हणालीस, "आता कुणाला पाजायचंय?" मग फडताळातून डबा काढलास आणि माझ्यासमोर काकूच्या पदरात रिकामा केलास. तिची सून आठव्या महिन्यात होती. "भाजलेली हाय, घिऊन जा. वाया कशाला घालवायची." काकू नको नको म्हणत होती. तिला तरी कळत होतं. मी कपातलं सगळं पिऊन टाकलं.

दूध तरीही आलंच. दुपारी तू जुन्या लुगड्याची पट्टी फाडलीस आणि माझ्या छातीवर घट्ट बांधलीस. हात अगदी सराईत होते. गाठ मारताना एवढंच म्हणालीस, "दोन दिवस दुखल."

तुझं चुकलं नव्हतं. पुढं मी बऱ्याच जुन्या बायकांना विचारलं. दूध आटवायचं तर शोप बंदच करतात, आणि भाजलेली वस्तू गरजवंताला देतात, हीच आपल्याकडची रीत. मला ती मान्य आहे. पण मी एकटी असताना सांगता आलं असतं. डबा मी झोपल्यावर रिकामा करता आला असता. तुला घाई कसली होती? दोन वर्षांनी मुलगा झाला तेव्हा तू परत शोप भाजलीस, त्याच डब्यात. मी ती खाल्ली, कारण त्याला दूध हवं होतं. तू हसत होतीस आणि मला तुझ्याकडं बघवत नव्हतं. त्यानंतर तू पुष्कळ वर्षं जगलीस. आपण हुरड्यावर बोललो, भावकीवर बोललो, माझ्या गुडघ्यांवर बोललो. त्या सकाळवर एकदाही नाही. शेवटच्या आजारपणात मीच तुला चमच्यानं हा चहा पाजत होते. तेव्हा मी विचारलं नाही, आणि तूही विषय काढला नाहीस. मुलीचं नाव ठेवायचं राहिलं होतं, त्यामुळं तिच्याबद्दल बोलायला सुरुवात कशी करायची तेही कळत नाही.

लेखाच्या शेवटी मापं दिलीत. दोन कप पाण्याला दोन चमचे धने, एक चमचा जिरे, चिमूटभर ओवा. त्याखाली मी लिहिलंय, अर्धा चमचा बाळंतशोप, ती टाकायला आई कधी विसरायची नाही. आज सकाळपासून दोघी वाचकांचे फोन आले. शोपेनं चव छान येते म्हणाल्या, तुमची आई किती मायाळू असेल म्हणाल्या. मी हो म्हणाले. चुकीचं छापलं गेलं तर पुढच्या रविवारी दुरुस्ती देता येते. मी देणार नाही. आणि माझ्या स्वतःच्या कपात शोप मी अजून टाकत नाही. तिसऱ्या दिवशी तू दिलास तोच चहा पिते.