कूलंटच्या टाकीतली तुळस

४ ऑक्टोबर, शनिवार

गाडी हायवेवर उकळली! काटा लाल, बॉनेटमधून वाफ. स्टिअरिंगवर शेजारचे जगन्नाथकाका, बाजूला मी. "झाकणाला हात लावू नकोस माकडा, तोंड भाजेल!" टो करून घरी आणली.

गाडी ओढणारा टो ट्रक प्रीताताईच्या मेंबरशिपवर आला, म्हणून तिला लगेच कळलं. ती काकांची एकुलती एक, दूरच्या राज्यात कॅरीला असते. स्पीकरवर ओरडली – "वन मोअर थिंग बाबा, अँड द कार गोज. मग तुम्ही इकडे." इकडे म्हणजे म्हाताऱ्यांच्या होममधे. बघून ठेवलंय तिने.

गाडी शैलाकाकूंची. काकू गेल्या, गाडी राहिली. काका बॉनेट थोपटून म्हणतात, "हिला जपायचं."

आणि अमेरिकेतल्या या अख्ख्या डब्लिनमधे माझे जोक कळणारा एकच माणूस! मागे त्यांच्या टोमॅटोंना प्लॅस्टिकचे डोळे चिकटवले. आईने कान पिळला. काका म्हणाले, "भुवया राहिल्या."

५ ऑक्टोबर

इंजिन थंड ठेवणारा कूलंट आणायला गेलो. भिंतभर कॅन – हिरवा, केशरी, गुलाबी, पिवळा. रंगपंचमीच! म्हटलं, थोडा थोडा सगळाच घेऊ. काका – "भलते दोन मिसळले की आत गाळ होतो, गाढवा. रंगावर जाऊ नकोस, गाडीचं पुस्तक बघ." जन्मभर इंजिनं थंड ठेवायचीच नोकरी केली त्यांनी. पुस्तकात होता तो गुलाबी घेतला. धुवायला डिस्टिल्ड वॉटर.

घरी येऊन रेडिएटरखाली टब सरकवला, बूच काढलं. पडलं ते फाटलेल्या दुधासारखं. आंबूस वास. टाकीत टॉर्च मारला – तुळशीचं पान!

दसऱ्याला काकांनी गाडीची पूजा केली. सगळ्यांना पळीपळी पंचामृत दिलं, मग तांब्या घेऊन एकटेच गॅरेजमधे गेले. मला वाटलं चाकांवर शिंपडतील.

काका पान बघत म्हणाले, "हे कुणी घातलं रे?"

मस्करी नव्हती. खरंच विचारत होते.

७ ऑक्टोबर

पाणी भरतो, हीटर फुल करून इंजिन चालवतो, गार झालं की सोडतो. परत भरतो. अजून तूप तरंगतंय. यार!

११ ऑक्टोबर

प्रीताताई विमानाने आली. टबात बघितलं, नाक धरलं आणि सरळ माझ्याकडे वळली. "अक्षत, डिड यू डू धिस?"

टोमॅटो माहितीयत तिला. डोअरबेलची खोडी पण.

काकांकडे बघितलं. हातात किल्ली, अंगठ्याने नुसती चोळत होते.

"हो," म्हटलं. "मीच."

काका एवढे चिडलेले कधी बघितले नव्हते. "इंजिनात दूध घालतात का रे? अक्कल गहाण टाकलीस?"

ताई म्हणाली, या घरात परत पाऊल टाकायचं नाही. रात्री आईने भांडी आपटली. ताट मात्र वाढलं.

१२ ऑक्टोबर

आमच्या खिडकीतून बघितलं. मेकॅनिकने येऊन आतून धुतली, नवीन कूलंट भरला. गाडी राहिली. किल्ली पण काकांकडेच. जिंकलो म्हणायचं!

१९ ऑक्टोबर

काका गाडी घेऊन जातात. मला बघून मान फिरवतात.

२ नोव्हेंबर

खिडकीतून दिसलं – इंजिन चालू, बॉनेट वर, काका झाकण फिरवतायत. दुसऱ्या हातात पातेलं. अनवाणी धावलो! मनगट धरून मागे ओढलं. दूध सगळं ड्राइव्हवेवर.

"काका, भाजलं असतं! तुम्हीच शिकवलंत ना!"

माझ्याकडे बघतच नव्हते. "सकाळपासून काही घेतलं नाही हिने," म्हणाले.

किल्ली काढून माझ्या खिशात टाकली. त्यांना कळलंसुद्धा नाही. दुसरी किल्ली असणार घरात.

मी काय वाचवलं? या माणसाला एकटं पाडलं नुसतं.

३ नोव्हेंबर

प्रीताताईला फोन केला. सगळं खरं सांगितलं. पंचामृत, तांब्या, कालचं दूध. म्हटलं, ताई, प्लीज ये.

सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नाइस ट्राय, अक्षत." फोन कट.