तोरणाखालचा पहिला बैल

अकोला,
१६ ऑगस्ट २००७

खुशालरावदादा,

सहदेवचा रामराम. दुर्गावहिनींनाही सांगा. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. पाऊस बेताचाच आहे, पण माझं काम छपराखालचं, त्यामुळे आभाळाकडे पाहायची सवय आता मोडली.

परवा तुमचा अंकुर दुकानावर आला होता. आमच्याच लेआउटमध्ये त्याने घर घेतलं हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणाला, "काका, बाबा अन् आई पोळ्याच्या आधी इथंच राह्यले येणार हायेत." मी त्याला चहा पाजला. तेव्हापासून कामात मन नाही. कारण सांगतो, पण आधी आमच्या वस्तीची हकीकत ऐका.

जठारपेठ मागे टाकून बरंच पुढे आलं की आमचा लेआउट. दहा वर्षांपूर्वी इथे पऱ्हाटीचं वावर होतं. मग कुणी दर्यापूरकडून आलं, कुणी पातूरकडून, एक घर तर थेट धारणीचं. पहिली दोन वर्षं कोणी कोणाच्या दारात गेलं नाही. ओळख झाली ती पोळ्यामुळे.

बैल कोणाकडेच नव्हते. मग मीच दोन-दोन फुटांचे लाकडी बैल घडवले, चाकं लावली, आणि पाण्याच्या टाकीजवळ आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. मोठी माणसं पोरांसारखी दोऱ्या धरून रांगेत उभी राहिली. पण तोरणाखालून पहिला बैल कोणाचा जाणार, इथे घोडं अडलं. किसनराव म्हणाले, "आमच्या गावात मान आमचा." पंजाबराव म्हणाले, "आमच्या गावातबी आमचाच." दादा, सहा घरं बोलली आणि साही मानकरी! बिनमानाचा माणूस गाव सोडून शहरात आलाच नाही जणू. गाद्या भरणारे अब्दुल गफ्फार तेवढे हसून म्हणाले, "आपला कायचा मान भाऊ? आपण तं लोकायच्या बैलायच्या झुली शिवत होतो."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, "आमच्या गावात मान आमचा होता. आज्यापासून."

झालं. बैल मी घडवलेले, म्हणून भांडण मिटवायला मान मला दिला. आठ पोळे झाले, मीच पहिला जातो. मला फेटा बांधतात, बायका माझ्या बैलाला आधी ओवाळतात. इथे मला सगळे सहदेवराव म्हणतात. तुमच्या आजोबांनी दुष्काळात गावाचे बैल जगवले म्हणून मान मिळाला, ती गोष्ट मी माझ्या आजोबांच्या नावावर सांगितली. माझे आजोबा तेव्हा तुमच्या अंगणात बसून तिफणी दुरुस्त करत होते. आमच्या दावणीला कधी बैल नव्हताच, हे तुम्हाला ठाऊक आहे. लिहिताना लाज वाटते आहे.

खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते तुम्हाला हात जोडायला, की आल्यावर कोणाला काही सांगू नका. तसं अर्धं पान लिहिलंही होतं, ते फाडलं. कारण अंकुर जाता जाता काय म्हणाला ते आठवलं. "बाबाले इचारू नका काका, पण जोडी इकली. आता गोठ्याकडे पाह्यतबी नाहीत."

तुमच्याजवळ जोडी राहिली नाही, आणि तुमचा मान इथे मी पांघरून बसलो आहे. हे मला सोसवत नाही, दादा.

येत्या रविवारी पोळ्याची बैठक आहे. सगळ्यांसमोर सांगून टाकणार आहे. किसनराव वर्षभर टोमणे मारतील. सहदेवराव म्हणणंही बंद होईल, आणि त्याचं वाईट वाटेल, खोटं कशाला बोलू? पण गफ्फारभाईंच्या शेजारी मागे उभं राहायला बरं वाटेल.

एक मागणं आहे. जोडीचं जू विकलं नसेल तर येताना घेऊन या. बाभळीचं आहे, मीच घडवलेलं. त्यातून तुमचा बैल करून देतो. ते कापायला तुमचं मन झालं नाही, तर नुसतं जू खांद्यावर घेऊन तोरणाखालून चला. पहिले तुम्ही.

तोरण मी बांधून ठेवतो. तुम्ही आल्याशिवाय खालून कोणी जाणार नाही.

तुमचा,
सहद्या सुतार