फर्मवेअरची तारीख

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

भोंगा पुन्हा वाजला! पळत वखारीत गेले. कापसाच्या ढिगात हात घातला — गार. धूर नाही, काही नाही. सासूबाई दारातच थांबल्या. "त्योच हाक मारायलाय," म्हणाल्या.

भोंग्याचा तो डबा ह्यांनीच बसवलेला. आत तळहाताएवढा, एकाच बोर्डावरचा कॉम्प्युटर. ढिगात खुपसलेल्या तापमानाच्या वायरी, वजनकाट्यावर एक कॅमेरा. कापूस आतून तापला की भोंगा.

ह्यांना जाऊन दोन वर्षं झाली. गोदावरीच्या पुलावर मोटारसायकल सापडली. हे सापडले नाहीत. सासूबाईंनी विधी करू दिले नाहीत. मला सवाष्ण म्हणावं की विधवा, ते मानवतच्या बाजारात अजून कुणाला ठरवता आलं नाही.

४ नोव्हेंबर

मंगेशला फोन केला. माझा धाकटा भाऊ, पुण्यात कॉम्प्युटरचंच काम करतो. "अक्का, सिस्टीम लय जुनी झाली ती. नवी टाकावी लागंल. पण आधी फर्मवेअर बघायचं. बोर्डाच्या चिपमधी बसलेलं असतंय, त्याच्यावरच बोर्ड जागा होतो. ते जुनं निघालं तर नवी सिस्टीम उठायचीच न्हाई. घाई करू नको."

घाई! दोन वर्षं त्या डब्यावरची धूळ पुसण्यापलीकडे हात लावला नाही मी.

६ नोव्हेंबर

दुपारी वखारीतला टीव्ही डब्याला जोडला. पासवर्ड मला पाठ — आम्हा दोघांशिवाय कुणालाच ठाऊक नाही. मंगेश फोनवर एकेक अक्षर सांगत होता, मी टाईप करत होते. पडद्यावर फर्मवेअरची तारीख आली. वाचून दाखवली.

"झकास! एकदम ताजं हाय. नव्या सिस्टीमला चालतंय."

मग तिकडं त्यानं काहीतरी टाईप केल्याचा आवाज आला.

"अक्का, तारीख परत वाच."

फेब्रुवारी २०२५.

"हे फर्मवेअर तयारच यंदा झालंय. दाजी असताना ते नव्हतंच."

"आपोआप आलं असेल."

"आपोआप यायचं बंद ठेवलंय, आत्ताच बघितलं की आपण. कुणीतरी हातानं टाकलंय."

वखारीत इतका कापूस, तरी अंगावर काटा! घरी आले. सासूबाईंना म्हटलं, जमलं नाही आज.

७ नोव्हेंबर

डब्याकडे बघवत नाही.

८ नोव्हेंबर

मंगेशनं आणखी काय काय शोधायला लावलं. बाहेरून इंटरनेटवरून कुणीतरी आत येऊन जातं. आपलाच पासवर्ड वापरून. मागच्या वेळी दिवाळीच्या पाडव्याला.

"चोर असेल," मी म्हटलं. मला चोरच हवा होता.

"चोर कशाला फर्मवेअर सांभाळत बसंल, अक्का?"

पाडव्याला मी वजनकाट्याची पूजा केली होती. एकटीनं. हळद लावता लावता रडू आलं, पदर तोंडात धरला, सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून. वर कॅमेरा.

बघितलं असेल? बघून बंद केलं असेल?

९ नोव्हेंबर

मंगेश म्हणतो, पोलिसांत जाऊ. नको म्हटलं. कॉम्प्युटरच्या आत समोरच दिसेल अशी एक फाईल ठेवली. लिहिलं — "आई रोज वाट बघतात. मी काय करू?" खाली माझं नाव. शिवरंजनी.

पहिल्यांदा "तुमची शिवरंजनी" लिहिलं होतं. मग "तुमची" पुसलं.

११ नोव्हेंबर

काही नाही. सकाळी बघितलं, दुपारी बघितलं. पेडगावहून कापसाची गाडी आली, तिचं वजन करताना सारखी मान वर जायलीये. हमाल म्हणाला, "वहिनी, पाल हाय का वर?"

१३ नोव्हेंबर

फाईलमध्ये माझ्या ओळीखाली एक ओळ आली आहे.

"पंखा बदल. बोर्ड तापतोय, म्हणून आकडे चुकतात आणि भोंगा वाजतो."

बास. एवढंच! माझं नाव नाही. आईचं नाही. पुलाचं तर नाहीच नाही. विरूपाक्ष असेच बोलायचे — काम असलं की बोलायचे. दुसऱ्या कुणाची असूच शकत नाही ही ओळ.

खाली बसले. मेलेल्या माणसाची भीती मी दोन वर्षांत पचवली होती. ही भीती निराळी.

१४ नोव्हेंबर

सासूबाईंना सांगितलं. अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"जिता हाय?"

"हायेत."

"कुठं?"

"ठाऊक न्हाई, आत्याबाई. यायचं म्हणत न्हाईत. काहीच म्हणत न्हाईत."

हातातली शेंग तशीच राहिली. गळ्यातलं इष्टलिंग काढून डोळ्यांना लावलं. रडतील असं वाटलं, पण रडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझं भागलं बाई. लेकरू जितं हाय, मला तेवढं पुरं. तुझं भागतंय का, ते तू बघ."

आणि शेंगांनी भरलेलं सूप माझ्याकडे सरकवलं. दोघींनी मिळून सोलल्या.

१६ नोव्हेंबर, रविवार

पंखा बदलला. नव्या मेमरी कार्डावर नवी सिस्टीम टाकली. पहिल्या झटक्यात उठली — त्यांनी टाकलेल्या फर्मवेअरवरच! पासवर्ड नवा, माझा एकटीचा. बाहेरून आत यायची वाट बंद केली.

यायचं तर दारानं यावं.